चारशेवा पक्षी

१

साडेबाराच्या सुमारास लेमार्ती टेकाडावरून धावत खाली आला. लेमार्तीला धावताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. सोळा वर्षं तो न्गारे अभयारण्यात खांद्याला रायफल लावून आमच्यासारख्यांच्या पुढे चालतो आहे. समोर हत्तीण उभी राहिली तरी त्याची चाल बदलत नसे.

"मामा केंडी," तो धापा टाकत म्हणाला, "घरटं रिकामं आहे."

मामा केंडी म्हणजे केंडीची आई. मूल झाल्यापासून काविरा हे माझं नाव माझी सख्खी बहीणसुद्धा विसरली आहे. मी उंबराच्या सावलीत चटईवर डबे मांडत होते. हातातलं झाकण तसंच राहिलं.

घरटं म्हणजे तुरेवाल्या क्रौंचांचं. दलदलीच्या मधोमध, लव्हाळ्यात, दोन फिकट निळसर अंडी. तीन-चार दिवसांत फुटायची होती. न्गारेत क्रौंच सहा वर्षांनी बसले होते, म्हणून ती जागा फक्त तिघांना माहीत होती: टेकाडावरून रोज दुपारी दुर्बिणीतून नजर टाकणारा लेमार्ती, आमच्या पक्षीमंडळाचे म्होरके म्वालिमू, म्हणजे मास्तर, इकियारा, आणि घरट्याची नोंदवही ठेवणारी मी.

"कोल्ह्यानं नेली असतील," मी म्हणाले. म्हणताना माझाच त्यावर विश्वास नव्हता.

"आत जाऊन आलो. कवचाचा एक तुकडा नाही. लव्हाळी दोन्ही हातांनी सारल्यासारखी बाजूला पडली आहेत." त्यानं टोपी काढली आणि घाम पुसला. "मी मॅडमना वायरलेस केलाय. गेट बंद झालंय. आज सकाळपासून आत तुमची एकच गाडी आली आहे."

२

मॅडम जेरोप, अभयारण्याच्या प्रमुख, वीस मिनिटांत जीप आणि दोघं-तिघं कर्मचारी घेऊन आल्या. उंच, किरकोळ बाई. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"जागा कोणाकोणाला माहीत होती?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"आम्हा तिघांना," म्वालिमू म्हणाले.

"बरोबर?" मॅडम माझ्याकडे वळल्या.

"बरोबर," मी म्हणाले.

मी खोटं बोलले होते. जागा चौघांना माहीत होती.

पण ते चौथं नाव मी तेव्हा स्वतःशीसुद्धा घेतलं नाही. माणूस घाबरला की आधी घरातल्या वस्तू झाकतो, तसं काहीतरी मी केलं असावं.

मॅडमनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. सकाळी दहाला आम्ही गाडी उंबराखाली लावली होती. तिथून कड्यावर गिधाडं पाहायला पायी जायचं होतं. केंडी अडीच वर्षांची, त्या उन्हात तिला कुठे नेणार? म्हणून कारांबूनं तिला ठेवून घेतलं. कारांबू माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, मंडळाची गाडी चालवणारी, केंडीची आंटी. केंडी माझ्या सासूकडे राहात नाही, पण कारांबूच्या मांडीवर दोन मिनिटांत झोपते.

"अकराच्या आधीच झोपली पिल्लू," कारांबूनं मॅडमना सांगितलं. ती गाडीला टेकून उभी होती. केंडी तिच्या पाठीवर लेसोच्या रंगीत कापडात बांधलेली, गाल खांद्यावर. "मी गाडीतच होते. रेडिओ पण लावला नाही, उठेल म्हणून."

मी पुढे होऊन केंडीची टोपी सारखी केली. टोपीच्या लोकरीत पांढरा कापूस अडकला होता. गाडीच्या फाटक्या सीटचा असेल म्हणून मी तो काढून टाकला.

"दे तिला, थकली असशील," मी म्हणाले.

"राहू दे गं. आत्ता हलवलीस तर संध्याकाळपर्यंत रडेल."

म्वालिमू कड्यापर्यंत पोचलेच नव्हते. सत्तरी ओलांडली आहे, गुडघा दुखतो. अर्ध्या वाटेवर एका खडकावर बसून त्यांनी तासभर काढला होता, एकट्यानं.

"एकटे? कोणी पाहिलं तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या.

"एका खंड्यानं पाहिलं. पण तो साक्षीला येईल असं वाटत नाही."

म्वालिमूंनी कान चोळला. मेरू गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले आहेत. चोरीबद्दल त्यांना कोणी विचारायची ही पहिलीच वेळ असणार.

राहिला गितोंगा. हा तरुण छायाचित्रकार, हातभर लांब लेन्स आणि त्याहून लांब जीभ. तोही मधे अर्धा तास आमच्यातून गायब होता.

"मी कड्याच्या टोकावर गेलो होतो," तो म्हणाला. "नियम मोडला, मान्य. दंड करा. पण अंडी? मॅडम, मला साधं ऑम्लेट करता येत नाही."

"तुझी ती मोठी पेटी उघड," मॅडम म्हणाल्या.

पेटीच्या आतल्या फोममध्ये दोन गोल खळगे होते. बरोबर क्रौंचाच्या अंड्याएवढे. आणि ते रिकामे होते.

३

गितोंगाचा चेहरा उतरला. "लेन्सचे आहेत ते! एक गळ्यात आहे, एक दुरुस्तीला दिली आहे. म्वालिमू, सांगा ना यांना!"

म्वालिमूंनी सांगितलं. मग मॅडमच्या माणसांनी गाडी तपासली, सीट उचलल्या, जादा चाकाची जागा पाहिली. म्वालिमूंचा डबा उघडला, त्यात मांदाझीच्या गोड पुऱ्या निघाल्या. माझी पिशवी उपडी केली. लंगोट, उजीची, म्हणजे पातळ पेजेची, बाटली, तापाचं औषध, त्याचीच एक जादा बाटली.

"एवढं औषध?" तपासणाऱ्या बाईनं विचारलं.

"आई आहे ती," कारांबू म्हणाली. "तिला विचारलंत तर साप चावल्यावरचं पण काढून देईल."

ती बाई कारांबूकडे वळली. कारांबूनं खिसे उलटे करून दाखवले. लेसोला हात लावायच्या वेळी केंडी कुरकुरली, आणि मॅडम जेरोपनी स्वतःच ओठांवर बोट ठेवलं. "झोपू द्या लेकराला."

कुठेच काही मिळालं नाही.

मॅडम लेमार्तीकडे गेल्या. तो एवढा वेळ टोपी हातात घेऊन उन्हात उभा होता.

"तू या लोकांबरोबर कड्यावर होतास, हे मला समजलं. म्हणजे हातानं तू चोरलं नाहीस. पण चोरी तोंडानंही होते. बाहेरच्या कोणाला जागा सांगितलीस?"

"नाही मॅडम."

"दोन पाहुणे, एक शाळामास्तर, एक लेकुरवाळी. तिसरा तू. मी वर काय कळवू?"

लेमार्ती टोपी हातात फिरवत राहिला. त्याचं घर अभयारण्याच्या कर्मचाऱ्यांच्या वस्तीत आहे. नोकरी गेली की घर जातं, आणि मुलींची शाळाही त्याच वस्तीतली. हे मला माहीत होतं. तरी मी गप्प होते.

"साडेसहाला मला तुम्हा सगळ्यांना गेटाबाहेर सोडावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर अंडी मिळाली नाहीत तर हा उद्या कामावर नसेल. आणि अंडी तोवर जिवंतही नसतील."

का नसतील? मी मनात म्हटलं. उबेला ठेवली असतील तर राहतील. केंडी महिनाभर आधी जन्मली होती. पहिले कितीतरी दिवस मी तिला छातीशी बांधून फिरत होते. चोरणाऱ्याला अंडी फोडायची नसणार. म्हणजे ती कुठेतरी उबेतच आहेत.

४

"गितोंगा," मी त्याला बाजूला घेतलं, "कड्याच्या टोकावरून दलदल दिसते?"

"सगळी. का?"

"फोटो दाखव. सगळे."

"तू पण माझ्यावर संशय घेतेस?"

"दाखव रे, नखरे नकोत."

पन्नास गिधाडं, तीन बहिरी ससाणे, आणि मधेच एका फोटोत, खूप खाली, हिरव्या लव्हाळ्यावर दोन क्रौंच. दोन्ही हवेत.

"हे सुंदर आलंय," गितोंगा म्हणाला, "पण धूसर—"

"वेळ काय याची?"

"अकरा चौदा."

क्रौंच अंड्यांवर पाळीनं बसतात. एक चरायला गेला तरी दुसरा हलत नाही. दोघं एकदम उडाले म्हणजे घरट्यावर कोणीतरी आलं होतं. चोरी सव्वाअकराला झाली होती. त्या क्षणी गितोंगा कड्याच्या टोकावर होता, नाहीतर हा फोटो निघालाच नसता. लेमार्ती माझ्या शेजारी होता.

उरले दोघं. खडकावर बसलेले म्वालिमू, ज्यांना जागा माहीत होती. आणि गाडीत बसलेली कारांबू.

मी म्वालिमूंच्या बुटांकडे पाहिलं. लाल धूळ, कोरडी, नाड्यांपर्यंत. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच त्या सुटकेचीच भीती वाटली.

कारांबू अनवाणीच गाडी चालवते, आम्ही तिला त्यावरून चिडवतो. आम्हा सगळ्यांच्या पायांवर ती लाल धूळ होती. तिचे पाय स्वच्छ होते. नुकते धुतलेले.

"केंडीनं उजी सांडली पायावर," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. फक्त पाहिलं होतं.

उजीची बाटली माझ्या पिशवीत होती. भरलेली. तपासणीत सगळ्यांनी पाहिली होती.

५

तीन वाजता म्वालिमू उठून उभे राहिले. "यादी वाचायची वेळ झाली."

"आत्ता?" गितोंगा ओरडला. "इथे लोकांच्या नोकऱ्या चालल्यात!"

"मंडळाला एकतीस वर्षं झाली. एकाही सहलीत यादी चुकलेली नाही. माझा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा वाचली होती. काढा वह्या."

मॅडम जेरोप जीपला टेकून पाहात राहिल्या. वेड्यांकडे पाहावं तसं.

आमचे नियम ठरलेले. पाहिलं नाही ते लिहायचं नाही, आणि पाहिलं ते गाळायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी त्याच दिवशी वहीत आला नाही तर तो कायमचा बाद. आणि स्वतःची वही स्वतः वाचायची नाही. ती उजवीकडच्याला द्यायची. मी कारांबूच्या उजवीकडे बसले होते.

"माझी मी वाचते आज," ती म्हणाली. बाकी सगळे बसले होते, ती तेवढी नाही. केंडीला पाठीवर घेऊन उभी होती. दुपारचं जेवणही तिनं उभ्यानंच उरकलं होतं.

"का? अक्षर बिघडलं का तुझं?" म्वालिमू म्हणाले. "दे तिला."

तिनं वही दिली. सोडताना बोटं जरा घट्ट झाली.

कारांबूच्या आयुष्यभराच्या यादीत तीनशे नव्व्याण्णव पक्षी होते. दोन वर्षं ती तिथेच अडकली होती. गितोंगा तिला 'नव्व्याण्णव मावशी' म्हणायचा. मी पान उघडलं. सकाळची सगळी पाखरं नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात. आणि तळाशी, पेन्सिलीनं, जवळजवळ दिसू नये इतक्या बारीक:

४००. पाणलावा. मादी. ११.१०.

पुढे जागेचा रकाना. तो कोरा होता.

मी वर पाहिलं. कारांबू माझ्याकडेच पाहात होती. तिनं मान किंचित हलवली. नको, अशी.

६

तिचं ते नको मला आजही दिसतं. त्यात गयावया नव्हती. तू माझी आहेस ना, एवढंच होतं.

"वाच की पोरी," म्वालिमू म्हणाले.

मी वाचलं. गितोंगानं सवयीनं टाळी वाजवायला हात उचलले आणि म्हणाला, "पाणलावा? कुठे?"

"जागा लिहिलेली नाही," मी म्हणाले. "मी सांगते. पाणलाव्याला चिखल लागतो, लव्हाळ्याच्या बुडाशी. पाऊस थांबून तीन महिने झाले. ओढा आटलाय. आज अख्ख्या न्गारेत चिखल एकाच ठिकाणी आहे."

मॅडम जेरोप जीपपासून सरळ उभ्या राहिल्या.

"अकरा दहाला कारांबू दलदलीत होती. चार मिनिटांनी दोन्ही क्रौंच उडाले, गितोंगाच्या फोटोत आहेत. परत येऊन तिनं पाय धुतले. उजी सांडली म्हणते, पण बाटली भरलेली आहे. आणि केंडीच्या टोपीत पांढरा कापूस होता. मला वाटलं सीटचा. तो दलदलीतल्या पाणकणसाचा होता." मी कारांबूकडे वळले. "माझ्या मुलीला पाठीवर घेऊन गेलीस तू. कारांबू, तिथे रानरेडे आहेत."

"मग काय गाडीत एकटी ठेवून गेले असते?" ती एकदम भडकली. "मी काय तसली आहे का?"

मग तिनं स्वतःचेच शब्द ऐकले असावेत.

"ती केंडीला नेहमी पुढे घेते, कडेवर," मी मॅडमना म्हणाले. "आज तीन तास पाठीवर बांधलीय. बसली नाही, वाकली नाही, मला मूल देत नाही. लेकरू पाठीवर असलं की बाईचा लेसो कोणी सोडायला लावत नाही. तुम्हीही नाही लावलात."

मी पुढे गेले आणि केंडीला माझ्या हातांनी सोडवून घेतलं. लेसो सैल पडला. कारांबूनं दोन्ही हात छातीशी धरले होते. तिथे, केंडीच्याच पिवळ्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली, दोन अंडी होती.

लेमार्तीनं ती घेतली. कानाशी धरली. त्याचे डोळे भरून आले. "आतून टोचतंय," तो म्हणाला, आणि शर्टाच्या आत पोटाशी धरून दलदलीकडे निघाला.

"कोणासाठी?" मॅडमनी विचारलं.

"मोठ्या रस्त्यावर नवं हॉटेल होतंय. मालकाला हिरवळीवर क्रौंच हवेत. मला पक्षी दाखवणारी म्हणून कामाला घेणार होता. गळ्यात दुर्बीण, नावाची पट्टी." कारांबू म्वालिमूंकडे वळली. "नऊ वर्षं तुमच्या गाडीचं चाक धरलंय मी. घरट्याची जागा तिघांना सांगितलीत. त्यात मी नव्हते."

"आता कळलं ना का नव्हतीस?" गितोंगा पुटपुटला.

म्वालिमूंनी कारांबूची वही माझ्याकडून घेतली. ते हातातल्या वहीकडे पाहात होते. "हे का लिहिलंस?" शेवटी त्यांनी विचारलं. "लिहिलं नसतंस तर कोणाला कळलं असतं?"

"दिसला होता ना तो," कारांबू म्हणाली. "खोटी जागा कशी लिहू? वहीत?"

मला तिला मारावंसं वाटलं. वहीशी तिला खोटं वागता येत नव्हतं. माझ्याशी येत होतं. माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना, माझ्या मुलीची वेणी घालताना, येत होतं.

पाऊण तासानं लेमार्ती टेकाडावर चढला. आम्ही खालून त्याच्या पाठीकडे पाहात राहिलो. त्यानं दुर्बीण लावली आणि बराच वेळ हलला नाही. मग न वळताच एक हात वर केला, आणि पंजा हळूच खाली आणला. मादी बसली होती.

कारांबूला जीपमध्ये मागे बसवलं. केंडी आता पुरती जागी झाली होती. "आंटी," ती म्हणत होती, "आंटी, कुकू दाखव. मोठी कुकू." तिच्या भाषेत कुकू म्हणजे कोंबडी. कारांबूनं तोंड फिरवलं.

लेमार्ती खाली आला तेव्हा मॅडम कागद भरत होत्या. "एक राहिलं," त्या म्हणाल्या. "वाट कळल्याशिवाय त्या लव्हाळ्यात घरटं सापडत नाही. हिला जागा कोणी सांगितली?"

त्या लेमार्तीकडे पाहात होत्या. अजूनही.

मी जीपकडे पाहिलं. कारांबूनं एक शब्द बोलणं पुरे होतं. माझं नाव. ती गुडघ्यांवर हात ठेवून समोर पाहात राहिली. बोलली नाही. माझ्यासाठी तिनं केलेली ती शेवटची गोष्ट, आणि तीच मला सगळ्यात जड गेली.

"मी," मी म्हणाले. "मी सांगितली. तीन आठवड्यांपूर्वी, माझ्या घरी. दुपारी तुमच्यासमोर खोटं बोलले. लिहा माझं नाव."

म्वालिमूंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी हात पुढे केला, आणि मी पिशवीतून घरट्याची नोंदवही काढून त्यांच्या हातात दिली. मॅडमनी लिहिलं, सही घेतली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

मी लेमार्तीसमोर जाऊन उभी राहिले. दोन तास तो उन्हात उभा होता आणि मला एका वाक्यात त्याला सावलीत आणता आलं असतं. केंडी माझ्या कडेवर होती.

त्यानं केंडीच्या गालाला एक बोट लावलं. मग टोपी घातली.

"मामा केंडी," तो म्हणाला, "मी माझ्या बायकोला पण सांगितलं नव्हतं."